नाशिकमध्ये घरी एसी बसवताना: आधी आउटडोअरची जागा, मग मशीन

दुकानात शिरलं की पहिला प्रश्न येतो, "किती टनाचा दाखवू?" आणि "आउटडोअर कुठे लावायचा?" हा प्रश्न येतो सगळ्यात शेवटी, फिटिंगवाला ड्रिल घेऊन दारात उभा राहिल्यावर. हा क्रम उलटा करा. इनडोअर (खोलीतली पेटी) आणि आउटडोअर (बाहेरची, कॉम्प्रेसरची पेटी) यांच्यातलं अंतर एकदा ठरलं की तांब्याचा पाइप किती लागेल, भिंतीला भोक कुठे पडेल, पाणी कुठून निघेल, वायर किती ओढावी लागेल आणि उद्या सर्व्हिसला आलेला माणूस तिथे पोचणार कसा, हे सगळं ठरून जातं. खोक्यावर न छापलेला बहुतेक खर्च या अंतरातच असतो.

त्याआधी एक साधी तपासणी. नाशिकचा उन्हाळा कोरडा आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा ३८-४० अंशांपर्यंत जातो, पण हवेत ओल कमी असते आणि रात्री हवा बऱ्यापैकी उतरते. मधल्या मजल्यावरची, समोरासमोर खिडक्या असलेली खोली असेल तर दहा हजारांच्या आतला चांगला कूलर मार्च ते मेचा तिसरा आठवडा सहज निभावून नेतो. कूलर हरतो तो वळवाचे ढग जमू लागले की, कारण दमट हवेत पाण्याची पुरेशी वाफ होत नाही. शिवाय खिडकी बंद ठेवून कूलर चालत नाही. स्लॅबखालचा वरचा मजला, पश्चिमेची भिंत किंवा धुळीमुळे, डासांमुळे कायम बंद राहणारी खोली असेल तर मात्र एसीला पर्याय नाही.

टन आणि तारे

एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू उष्णता बाहेर काढण्याची ताकद. घरगुती हिशोब असा: ११०-१२० चौरस फुटांपर्यंत १ टन, १८० पर्यंत १.५ टन, त्यापुढे २ टन. पण हा हिशोब मधल्या मजल्याचा आहे. डोक्यावर उघडा स्लॅब असेल किंवा दुपारनंतरचं ऊन थेट भिंतीवर येत असेल तर एक पायरी वर जा. १०० चौरस फुटांच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीला १ टनाचा एसी मेमध्ये दुपारभर धापा टाकतो. गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग मारला किंवा पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चिकचा (बांबूच्या कामट्यांचा) पडदा लावला तर तीच खोली १ टनात भागते. रंगाचा आणि पडद्याचा खर्च एसीच्या फरकापेक्षा बहुतेकदा कमी पडतो.

उगाच मोठाही घेऊ नका. लहान खोलीत २ टनाचा एसी पाच मिनिटांत हवा गार करून मंद होतो, पण हवेतली ओल तशीच राहते. मग जूनमध्ये अंथरूण दमट लागतं आणि लोक मशीनला नावं ठेवतात.

ताऱ्यांबाबत दुकानदार ५ स्टारच घ्या म्हणेल. नाशिकपुरता हिशोब मांडून बघा. बीईईच्या (तारे ठरवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या) लेबलावर वर्षाला लागणाऱ्या युनिटचा आकडा असतो आणि तो १,६०० तासांच्या वापरावर काढलेला असतो. १.५ टनाच्या ३ स्टार आणि ५ स्टारमध्ये हा फरक साधारण २०० युनिटचा धरा. तुम्ही फक्त उन्हाळ्यातल्या ७५ रात्री, रोज ८ तास लावत असाल तर वापर ६०० तासांचा होतो आणि फरक उरतो ७५ युनिटचा, म्हणजे वर्षाला हजार-बाराशे रुपयांचा. ५ स्टारसाठी आठ ते दहा हजार जास्त मोजले असतील तर ते वसूल व्हायला सात ते दहा वर्षं लागतील. रात्रीपुरता एसी हवा असेल तर ३ स्टार इन्व्हर्टर (गरजेनुसार कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा) एसी पुरे. घरून काम करणाऱ्यांचं किंवा दिवसभर घरात रुग्ण असलेल्यांचं गणित वेगळं. त्यांचे तास खरोखर दीड हजारांवर जातात आणि ५ स्टारचे पैसे तीन-चार वर्षांत निघतात.

जुना साठा विकत घेताना लेबलावरची मुदत वाचा. ताऱ्यांचे निकष १ जुलै २०२२ ला बदलले, जानेवारी २०२६ पासून पुन्हा कडक झाले. आधीच्या लेबलावरचे ५ तारे आणि नव्यावरचे ५ तारे सारखे नाहीत. तुलना ताऱ्यांची नको, युनिटच्या आकड्याची करा.

आउटडोअरची जागा

चांगल्या जागेला चार गोष्टी लागतात: समोर मोकळी हवा, मागे श्वास घ्यायला जागा, वजन पेलणारा आधार आणि माणूस सुरक्षित उभा राहू शकेल अशी वाट. आउटडोअर मागून हवा ओढतो आणि पुढून गरम हवा फेकतो. मागे किमान १५-२० सेंटिमीटर, समोर निदान एक मीटर मोकळं हवं. समोर भिंत असेल तर फेकलेली गरम हवा परत ओढली जाते, दाब वाढतो आणि नेमका दुपारी तीनला कॉम्प्रेसर बंद पडतो.

गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या भागांतल्या बऱ्याच इमारतींत बिल्डरने आउटडोअरसाठी डक्ट (इमारतीतली उभी मोकळी पोकळी) ठेवलेली असते. वरून बघा, ती खरंच वर उघडी आहे का? अरुंद डक्टमध्ये खालपासून वरपर्यंत आठ-दहा मशीन लागली की गरम हवा वर चढत जाते आणि सर्वांत वरच्या मजल्याच्या मशीनला पन्नास अंशांच्या आसपासची हवा मिळते. वरच्या मजल्यावाल्यांनी डक्टचा मोह सोडून सोसायटीकडे गच्चीची परवानगी मागावी. परवानगी लेखी घ्या, नाहीतर पुढच्या रंगकामाच्या वेळी मशीन उतरवायला सांगतात. आउटडोअर इनडोअरच्या वर असला तरी चालतं, मात्र उंचीचा फरक कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत हवा.

सिडकोच्या जुन्या स्कीममधल्या घरांना दोन्ही बाजूंनी शेजारची भिंत असते, मोकळी असते फक्त पुढची आणि मागची बाजू. तिथे आउटडोअर पुढच्या ओट्यावर आला की त्याची गरम हवा समोरच्या किंवा शेजारच्या खिडकीत जाते आणि मे महिन्यात भांडण ठरलेलं. गच्चीवर स्टँडवर ठेवणं बरं. जुन्या नाशकातल्या वाड्यांत प्रश्न वेगळा. माती-विटांच्या दीड-दोन फूट जाड भिंतीत अँकर बोल्ट धरत नाही. आज घट्ट वाटतो, पावसाळ्यानंतर हलतो. अशा ठिकाणी ब्रॅकेट टाळा, आउटडोअर गॅलरीत किंवा जमिनीवर पायाच्या स्टँडवर ठेवा. भोक पाडायला लांब बिट लागेल, हे फिटिंगवाल्याला आधीच कळवा, नाहीतर तो निम्म्यात अडकून परत जातो.

नव्या इमारतींतही भिंत कसली आहे ते विचारा. हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या एएसी ब्लॉकमध्ये साधा एक्स्पान्शन बोल्ट पकड घेत नाही, ब्लॉकच फुटतो. दीड टनाच्या आउटडोअरचं वजन २५ ते ३५ किलो, वर त्याची थरथर. ब्रॅकेट काँक्रीटच्या बीमवर घ्या, ते जमत नसेल तर बोल्ट भिंतीच्या आरपार काढून आतून लोखंडी पट्टी लावा. खिडकीवरचा छज्जा या वजनासाठी बांधलेला नसतो. जुन्या इमारतीत छज्ज्याच्या सळया गंजून सिमेंट सुटलेलं असेल तर तिथे मशीन ठेवूच नका.

इनडोअर शक्यतो बाहेरच्या भिंतीवर, जमिनीपासून सात ते आठ फुटांवर, वर किमान १५ सेंटिमीटर जागा सोडून. हवा थेट उशीवर येऊ नये. खाली टीव्ही किंवा स्विचबोर्ड नको, कारण पाणी कधी ना कधी गळतंच. ड्रेन पाइपला सलग उतार हवा, मीटरला किमान एक सेंटिमीटर. मध्ये कुठेही पाइप पोट धरून लोंबकळला की पाणी तिथे थांबतं. उन्हाळ्यात कोरड्या हवेमुळे पाणी थोडं येतं आणि चूक लपून राहते. जुलैमध्ये एसी लावला की भिंत भिजते.

वीज: या भागात काटकसर करू नका

दीड टनाचा इन्व्हर्टर एसी पूर्ण जोरात १.५ ते १.८ किलोवॅट घेतो, म्हणजे ७-८ अँपिअर. आकडा छोटा वाटतो, पण तो तासन्‌तास चालू राहतो. खोलीतल्या साध्या प्लगच्या दीड चौरस मिलिमीटरच्या वायरवर एसी टाकला की जोड तापतात, सॉकेट पिवळं पडतं आणि एखाद्या रात्री जळल्याचा वास येतो. डिस्ट्रिब्युशन बोर्डापासून एसीपर्यंत तांब्याची स्वतंत्र वायर ओढा. २.५ चौरस मिलिमीटर हे किमान, लांब पल्ल्याला किंवा २ टनाला ४ घ्या. एमसीबी (भार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) सी प्रकारची, १६ किंवा २० अँपिअरची, पुस्तिकेत दिलेल्या आकड्याप्रमाणे. मल्टिप्लग, अडॅप्टर, एक्स्टेन्शन यांचा विचारही नको.

अर्थिंग तपासून घ्या. इलेक्ट्रिशियनला न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मीटरने मोजायला सांगा. ते तीन-चार व्होल्टच्या आत असावं. जुन्या घरांत अर्थिंगची तार कित्येकदा नुसती भिंतीत शिरलेली असते, पुढे कशालाच जोडलेली नसते. इन्व्हर्टर एसीतलं पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटची पट्टी) अशा घरात लवकर जातं आणि त्याची किंमत काही हजारांत असते.

स्टॅबिलायझर लागतो का? बहुतेक नव्या मशीनवर १४५ ते २८५ व्होल्टसारखा पल्ला लिहिलेला असतो. आठवडाभर संध्याकाळी सात ते दहा या वेळात घरचं व्होल्टेज मोजा. १९० ते २५० मध्ये राहत असेल तर दोन-तीन हजार वाचले. शहराच्या कडेच्या, फीडरवर (वस्तीला वीज आणणाऱ्या लाइनवर) भार जास्त असलेल्या वस्त्यांत व्होल्टेज सारखं वर-खाली होतं, तिथे चार केव्हीएचा लावून टाका.

महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो. जुन्या घरात तो १ किलोवॅट असू शकतो. गीझर आणि एसी मिळून तीन-चार किलोवॅट होतात, तेव्हा मंजूर भार वाढवून घ्या आणि मीटरपासून येणारी वायर तेवढा भार झेपणारी आहे का ते दाखवून घ्या. बिलाचा धक्का मात्र टप्प्यामुळे बसतो. घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटवर बदलतात. रात्री ८ तास एसी लावला तर दिवसाला सहा-सात युनिट, महिन्याला २०० च्या आसपास. एरवी १२० युनिट जाळणारं घर ३०० ची रेघ ओलांडतं. १०१ ते ३०० मध्ये वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा आकार) आणि १६ टक्के वीज शुल्क धरून युनिट साधारण १३ रुपयांना पडतं, ३०१ पासून पुढचं १६ च्या वर. दर बदलत राहतात, म्हणून बिलावरचा तक्ता बघूनच हिशोब करा. २०२० पासून स्टार लेबल असलेला एसी सुरू होताना २४ अंशांवर येतो. तो २६ वर नेऊन पंखा एकवर ठेवला तर नाशिकच्या रात्रीला पुरतं.

खर्च किती येतो

जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तरीही ब्रँड, मॉडेल आणि हंगामानुसार दर हलतात, म्हणून खालचे आकडे अंदाजाचे समजा. १.५ टन ३ स्टार इन्व्हर्टर ३४ ते ४२ हजार, ५ स्टार ४२ ते ५४ हजार, १ टन ३ स्टार २८ ते ३५ हजार.

खरी गंमत पुढे आहे. "इन्स्टॉलेशन फ्री" लिहिलेलं असलं तरी त्यात फक्त मजुरी आणि मशीनबरोबर आलेला पाइप, बहुतेकदा तीन मीटर, एवढंच येतं. गंगापूर रोडवरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या १२ बाय ११ च्या खोलीचं उदाहरण घ्या, मशीन ३८,००० चं, पाइपची वाट पाच मीटरची. बसवणी (फ्री नसेल तर) १,५००, स्टँड ९००, जादा दोन मीटर तांब्याचा पाइप इन्सुलेशन आणि वायरसकट १,१०० दराने २,२००, कोअर कटिंगचं एक भोक ५००, ड्रेन पाइप चार मीटर ३२०, बोर्डापासून बारा मीटर स्वतंत्र वायरिंग २,६४०, एमसीबीचा डबा आणि सॉकेट ९००. बेरीज ८,९६०. मशीनच्या किमतीचा जवळपास चौथा हिस्सा. बाहेरून दोरी बांधून लटकत काम करावं लागलं तर आणखी हजार-दोन हजार, आणि त्या माणसाला सेफ्टी बेल्ट असल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका.

पाइपचा दर कोणी मीटरने सांगतं, कोणी फुटाने. ३५० रुपये ऐकून स्वस्त वाटतं, पण ते फुटाचे असतील तर मीटरला साडेअकराशेच्या आसपास झाले. दर, एकक आणि पाइपची जाडी व्हॉट्सॲपवर लिहून मागा. काम झाल्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो, पाइप भिंतीत गेलेला असतो. ॲल्युमिनियमचा पाइप स्वस्तात देऊ केला तर नको म्हणा. तांब्याशी जिथे जोड येतो तिथे तो लवकर खराब होतो.

गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीयेच्या ऑफर खऱ्या असतात, पण त्याच आठवड्यांत फिटिंगवाला दिवसाला पाच-सहा घरं करतो आणि वेळ वाचवायला जे काम गाळतो ते पुढे महागात पडतं. शक्य असेल तर फेब्रुवारीत घ्या आणि बसवूनही टाका.

बसवण्याच्या दिवशी समोर उभे राहा

भोक साधारण ६५ मिलिमीटरचं आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं असावं, नाहीतर पावसाचं पाणी भिंतीतून आत येतं. पाइप वळवताना चपटा होता कामा नये. एकदा दुमडलेला पाइप परत गोल करून वापरू देऊ नका, तो भाग कापून टाकायला सांगा. फ्लेअर म्हणजे पाइपचं तोंड फुलवणं, आणि गळतीचं सर्वांत मोठं कारण तेच. कापलेल्या तोंडाची धार आतून साफ करताना पाइपचं तोंड खाली धरलेलं असावं, म्हणजे तांब्याचा कीस आत पडत नाही. नट आवळताना दोन पाने हवेत, एकाने धरायचं, दुसऱ्याने फिरवायचं. एकाच पान्याने ताकद लावली की पाइप पिळवटतो. पाइप लांब झाला म्हणून तीन मीटरपेक्षा आखूडही कापू देऊ नका. जादा भाग आउटडोअरमागे आडवा गोल फिरवता येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, व्हॅक्यूम. पाइपमध्ये हवा आणि बाष्प असतं. ते पंपाने ओढून काढायचं असतं, किमान २० मिनिटं, आणि मग पंप बंद करून दहा मिनिटं काटा स्थिर राहतो का ते बघायचं. काटा सरकला तर कुठेतरी गळती आहे. घाईतला माणूस पंप आणतच नाही. आउटडोअरचा थोडा गॅस सोडून "हवा बाहेर काढली" म्हणतो. अशाने बाष्प आतच राहतं, कॉम्प्रेसरच्या तेलात मिसळून आम्ल तयार होतं आणि दोन-तीन उन्हाळ्यांनंतर कॉम्प्रेसर घेऊन जातं. शिवाय भरलेला गॅस कमी होतो तो वेगळाच. आजच्या बहुतेक मशीनमध्ये आर-३२ असतो, तो सौम्य ज्वलनशील आहे. काहींत आर-२९० असतो, तो तर चांगलाच पेट घेतो. खोलीत गॅस सोडू देऊ नका आणि आत गॅस असताना कोणालाही पाइपला वेल्डिंगची ज्योत लावू देऊ नका. पंप नसेल तर त्या दिवशी काम थांबवलेलं बरं. फोनवर वेळ ठरवतानाच "व्हॅक्यूम पंप आणणार ना?" हे विचारून घ्या.

आउटडोअरवरचे गॅसचे व्हॉल्व्ह उघडल्यावर प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून फुगे येतात का ते बघा. इनडोअरच्या ट्रेमध्ये लिटरभर पाणी ओतून ते बाहेरून निघतं का ते पाहा, ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि जवळजवळ कोणीच करत नाही. मग १८ अंशांवर १५-२० मिनिटं चालवा. आत ओढली जाणारी आणि बाहेर फेकली जाणारी हवा यांत १० अंशांच्या आसपास फरक यावा. क्लॅम्प मीटरने (वायरभोवती पकडून करंट मोजणाऱ्या मीटरने) अँपिअर बघून घ्या, आकडा लिहून ठेवा. पुढे कधी "गॅस संपलाय" असं कोणी म्हणालं तर तो आकडा उपयोगी पडतो. गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, कमी झाला असेल तर गळतोय. गळती न शोधता गॅस भरणारा पुढच्या वर्षी पुन्हा येतो.

बाहेरच्या पाइपवर काळं नायट्राइल रबरचं इन्सुलेशन आणि त्यावर घट्ट टेप हवी. पांढरा फोम उन्हाने दोन वर्षांत भुगा होतो, उरलेला कबुतरं उपसतात. भोकाच्या कडा सीलंटने बुजवा. ती फट मुंग्या आणि पालींची वाट असते, आणि आउटडोअरच्या पीसीबीवर चढलेली पाल ही दुरुस्तीवाल्यांची नेहमीची कमाई आहे. जीएसटीचं बिल, इनडोअर-आउटडोअर दोन्हींचे सिरियल नंबर आणि कंपनीकडची नोंदणी त्याच दिवशी करून घ्या. कॉम्प्रेसरची वॉरंटी बऱ्याचदा दहा वर्षांची असते, पण इतर भागांची बहुधा एकाच वर्षाची.

फिल्टर उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा, साबण नको. पाण्याची सर्व्हिस वर्षातून एकदा, मार्चच्या सुरुवातीला. बांधकामं चालू असलेल्या भागात किंवा औष्णिक वीज केंद्र असलेल्या एकलहऱ्याच्या बाजूला धूळ जास्त बसत असेल तर मेच्या मध्यावर आउटडोअरची जाळी आणखी एकदा धुवून घ्या. घर बदलताना मशीन काढायच्या आधी गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेऊन व्हॉल्व्ह बंद करतात, त्याला पंप-डाउन म्हणतात. ते केलं तर नव्या घरी गॅसचे अडीच-तीन हजार वाचतात. काढणावळ हजाराच्या आसपास आणि पुन्हा बसवणं दीड-दोन हजार, शिवाय नव्या घरी पाइप वाढला तर त्याचे वेगळे.